वाटपाचा नव्हे, बदलाचा हिशेब

पावसाळा लागला की परभणी, हिंगोली, नांदेडच्या माणसाचे लक्ष येलदरीकडे लागते. आज धरण किती टक्के भरले, हे वर्तमानपत्र उघडताच शोधले जाते. जिंतूर तालुक्यातले, पूर्णा नदीवरचे हे मातीचे धरण १९६८ साली पुरे झाले. उंची ५१ मीटर, लांबी सव्वाचार किलोमीटर. धरणाचे पाणी पायथ्याच्या वीजगृहातल्या साडेसात मेगावॅटच्या तीन संचांवरून नदीत उतरते आणि खाली सिद्धेश्वरच्या धरणात जाते. कालवे निघतात ते सिद्धेश्वरहून. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेत. सगळ्यात शेवटी टेलचा शेतकरी.

आता समजा, धरण शंभर टक्के भरले, पण चारी फुटलेली आहे आणि वरच्या अंगाला रात्रंदिवस मोटारी चालू आहेत. टेलच्या शेतात हरभऱ्याला दुसरे पाणी मिळालेच नाही. भिंतीवरचा माणूस म्हणेल, यंदा धरण भरले. टेलचा शेतकरी म्हणेल, यंदा पाणी आले नाही. दोघेही खरेच बोलतात. पण हे धरण ज्याच्यासाठी बांधले, तो टेलला उभा आहे. म्हणून हिशेबाचा शेवटचा शब्द त्याचा.

आपल्या समाजकार्याचा हिशेब मात्र आपण भिंतीवर उभे राहूनच मांडत आलो आहोत. कोणत्याही संस्थेचा, मंडळाचा, पंचायत समितीच्या एखाद्या योजनेचा वार्षिक अहवाल उघडा. शिलाई मशीन इतक्या वाटल्या, सायकली इतक्या दिल्या, आरोग्य शिबिरे इतकी घेतली, रोपे इतकी लावली, प्रशिक्षणार्थी इतके. सोबत हार घातलेले पाहुणे आणि रांगेत उभे केलेले लाभार्थी यांची छायाचित्रे. यातला एकही आकडा खोटा असेलच असे नाही. पण मशीन मिळालेल्या बाईच्या हाती महिन्याकाठी चार पैसे जास्त येऊ लागले का? सायकल मिळालेली मुलगी दहावीपर्यंत पोचली का? शिबिरात रक्तदाब जास्त निघालेल्या म्हाताऱ्याला पुढे गोळ्या कोणी दिल्या? लावलेल्या रोपांतली किती तिसऱ्या उन्हाळ्यात उभी आहेत? या प्रश्नांची उत्तरे अहवालात नसतात, कारण ते प्रश्न काम सुरू करताना कोणी विचारलेलेच नसतात.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. कोणाच्या आयुष्यात नेमका काय बदल घडवायचा आहे आणि आपल्या कामामुळे तो घडेल असे आपण का मानतो, हे आधी लिहून न काढता सेवेचे काम हाती घेणे हा नैतिक दोष आहे. त्याला व्यवस्थापनातली उणीव म्हणून सोडून देता येणार नाही. कारण या कामात आपण पैसा दुसऱ्याचा वापरतो, वेळ दुसऱ्याचा वापरतो आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गरिबाचा विश्वास वापरतो. एकदा फसलेली योजना अंगावर घेतलेले गाव पुढच्या चांगल्या माणसालाही दारात उभे करत नाही.

हे लिहून काढण्याची एक साधी रीत जगभर रूढ आहे. तिला लॉजिक मॉडेल म्हणतात. १९६९च्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याने आपल्या प्रकल्पांसाठी असा तक्ता वापरायला सुरुवात केली. १९७९ मध्ये जोसेफ व्होली या अभ्यासकाने कार्यक्रमांच्या मूल्यमापनाच्या संदर्भात ही कल्पना मांडली आणि पुढे केलॉग प्रतिष्ठानच्या मार्गदर्शिकेमुळे ती लहान लहान संस्थांपर्यंत पोचली. नाव जड असले तरी आतली गोष्ट कोणत्याही शेतकऱ्याला कळेल अशी आहे. आपल्यापाशी काय आहे? त्यातून आपण काय करणार? ते केल्यावर हाती काय दिसेल? त्यामुळे माणसांच्या वागण्यात, तब्येतीत, कमाईत, शिक्षणात काय फरक पडेल? आणि एका कडीपासून दुसरी कडी निघेलच, असे आपण कशाच्या भरवशावर धरून चाललो आहोत? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. साखळी तुटते ती बहुतेक वेळा या न तपासलेल्या गृहीतकापाशी.

गृहीतक तपासण्याची ही परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. वरच्या वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, असे सरकार धरून चालले होते आणि त्या समजुतीवर रयतेच्या करातला पैसा उच्च शिक्षणावर खर्च होत होता. फुल्यांनी नेमके त्या समजुतीवर बोट ठेवले. शिकलेल्या उच्चवर्णीयांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी आजवर काय केले, याचा हिशेब त्यांनी मागितला आणि बारा वर्षे वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. वर पैसा ओतला आहे, तो खाली पोचला का, हा प्रश्न त्यांनी टेलला उभे राहून विचारला. आज आपण ज्याला मूल्यमापन म्हणतो, त्याचे नैतिक मूळ या निवेदनात आहे.

दुसरे उदाहरण धनंजयराव गाडगीळांचे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालवा किती मैल खोदला यावर न थांबता, पाण्यामुळे शेतीत, मजुरीत, व्यापारात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ काय झाला, हे त्या पाहणीने शोधले. येलदरीचे धरण पुरे झाले तेव्हा हेच गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. त्या आयोगाकडे कार्यक्रमांचे मूल्यमापन करणारी स्वतंत्र संघटना १९५२ पासूनच होती. म्हणजे ज्ञान होते, माणसे होती, संस्थाही होत्या. कमी पडला तो आग्रह. दिल्लीत जे ठाऊक होते, ते जिंतूरच्या पंचायत समितीच्या टेबलावर कधी आलेच नाही.

आता ही रीत येलदरीच्या परिसरातल्या एका प्रश्नाला लावून पाहू. जिंतूर तालुक्याच्या वाड्या-तांड्यांतून दरवर्षी कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जोडीने कोयता धरायचा असतो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. पाठीमागे सांभाळायला कोणी नसेल तर मूलही फडावर जाते आणि शाळेच्या निम्म्या वर्षाला मुकते. मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. योजना चांगली आहे. पण तिचा हिशेब आपण कसा मांडतो? वसतिगृहे किती मंजूर, पटावर मुले किती, अनुदान किती खर्च.

बदलाचा हिशेब मांडायचा तर शेवटाकडून सुरुवात करावी लागेल. आपल्याला हवे आहे ते असे: मार्च महिन्यात ते मूल वर्गात बसलेले असावे, त्याला त्याच्या इयत्तेचे वाचन आणि गणित यावे, आणि पुढच्या जूनमध्ये ते वरच्या वर्गात असावे. यासाठी काय व्हायला हवे? आईबाप जाताना मूल मागे राहायला हवे. मूल कधी मागे राहील? आईला खात्री वाटेल तेव्हा. आईला खात्री कशाने वाटेल? रात्री मुलांजवळ कोण झोपणार, मुलगी वयात आलेली असेल तर काय व्यवस्था, ताप आला तर फोन कोण करणार, जेवण रोज मिळणार का, या प्रश्नांना उत्तरे मिळाली तर. आणि ती उत्तरे टोळी निघण्यापूर्वी मिळायला हवीत. मुकादमाची गाडी दारात लागल्यावर ती उपयोगाची नाहीत.

एवढे लिहून काढले की साखळीतली कच्ची कडी डोळ्यांपुढे येते. टोळी दिवाळीत निघणार असेल आणि वसतिगृहाची मंजुरी डिसेंबरात येणार असेल, तर पटावर कितीही नावे असोत, मूल फडावर गेलेले आहे. तिथे जास्त अनुदानाचा उपयोग नाही. तारीख दोन महिने अलीकडे आणण्याचा उपयोग आहे. मंजुरी वेळेवर येऊनही मुली राहत नसतील, तर प्रश्न रात्रीच्या सुरक्षिततेचा आहे आणि उत्तर गावातली विश्वासाची बाई शोधण्यात आहे. मुले राहिली पण वाचन सुधारले नाही, तर जेवणाची सोय झाली, शिकवण्याची झाली नाही. तिन्ही दुखणी वेगळी, तिन्हींवरचे उपाय वेगळे. ‘योजना अयशस्वी’ असा एकच शिक्का मारून फाइल बंद केली, तर यातले एकही दुखणे कळणार नाही. साखळी लिहिण्याचा खरा फायदा हा आहे. तिच्यामुळे कोणाला दोष द्यायचा यापेक्षा कुठे हात घालायचा हे कळते.

ही रीत मनापासून पाळली तर काय घडते, ते गडचिरोलीने दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. नवजात बाळे मरतात, हे सगळ्यांना दिसत होते. उपाय म्हणून रुग्णालय हवे, असे कोणीही म्हटले असते. पण आजारी नवजात बाळाला घराबाहेर काढून दूरच्या दवाखान्यात नेले जाईल, हे त्यातले गृहीतक तिथल्या वास्तवात टिकत नव्हते. म्हणून त्यांनी साखळीच वेगळी बांधली. बाळ दवाखान्यात येत नसेल तर उपचार बाळाच्या घरी गेला पाहिजे. तो नेणार कोण? गावातलीच थोडी शिकलेली बाई. तिला बाळाचे वजन करता येईल का, जंतुसंसर्ग ओळखता येईल का, इंजेक्शन देता येईल का? याबद्दल तज्ज्ञांना शंका होत्या. बंगांनी ते गृहीत धरले नाही, तपासून पाहिले.

३९ गावांत काम आणि ४७ गावांत तुलनेसाठी नुसती नोंद, अशी मांडणी केली. १९९३ पासून आधी दोन वर्षे जन्म आणि मृत्यू मोजले, मग घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. या काळजीच्या तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देऊ लागल्या, त्यामागे हे काम आहे.

या कामातली एक लहानशी वस्तू मला फार बोलकी वाटते. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वास मोजून कळते. पण मोठे आकडे मोजता न येणाऱ्या बाईने मिनिटाचे श्वास मोजायचे कसे? त्यासाठी बंगांनी एक साधन तयार केले. त्यात मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला औषध हवे. मोजमाप कोणासाठी असते, याचे उत्तर या मण्यांत आहे. ते वरिष्ठांना पाठवायच्या तक्त्यासाठी नव्हते. समोरच्या बाळासाठी आता काय करायचे, हे त्या बाईला त्या क्षणी ठरवता यावे यासाठी होते. ज्या मोजणीने मोजणाऱ्याला आपले काम सुधारता येत नाही, ती मोजणी त्याच्यावर लादलेला बोजा असते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्यासाठी डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. नाले खोल झाले, बंधारे दुरुस्त झाले, गावोगाव माणसे उन्हात राबली. त्या श्रमाबद्दल अनादराचा एक शब्दही मी लिहिणार नाही. मात्र २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला, तेव्हा ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्चूनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असे त्यात म्हटलेले होते. आपण खोदकाम मोजले, किती पाणी साठू शकेल याची क्षमता मोजली. पण साठलेले पाणी कोण उपसणार, किती उपसणार, त्यावर कोणते पीक घेणार, या कडीवर नियम कोणी करायचा? नाला खोल केला की टंचाई हटेल, या वाक्याच्या पोटात एक मोठे गृहीतक होते: मुरलेले पाणी सगळ्यांसाठी राहील. बोअरवेलच्या स्पर्धेत ते तसे राहत नाही.

हिवरे बाजारने ही कडी ओळखली होती. तिथे पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे झालीच, पण त्यासोबत गावाने शेतीसाठी बोअरवेल घ्यायच्या नाहीत, उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असे निर्बंध स्वतःवर घातले. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची, ही रीत पाडली. बंधारा बांधायला पैसा लागतो, असे नियम पाळायला गावाची एकजूट लागते. योजनेच्या अंदाजपत्रकात पैशाचा रकाना असतो, एकजुटीचा नसतो. म्हणून ती कडी बहुतेक योजनांत रिकामी राहते.

शिक्षणातही हेच. मुंबईत १९९०च्या दशकात माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. २००५ पासून तिच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ पाहणीने देशाला एक साधी गोष्ट करायला लावली: मुलाच्या हाती दुसरीच्या पातळीचा उतारा द्या आणि वाचायला सांगा. पाचवीतली जवळजवळ निम्मी मुले तो वाचू शकत नाहीत, हे कळले तेव्हा पटनोंदणीच्या अभिमानाखाली झाकलेले दुखणे उघडे पडले. मूल शाळेत आले म्हणजे शिकले, हेही एक गृहीतकच होते.

यावर काही आक्षेप येतात. ते प्रामाणिक असतात, म्हणून प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की माया मोजता येत नाही. एकट्या म्हातारीजवळ बसून दोन शब्द बोलणाऱ्या कार्यकर्तीच्या कामाला कोणता रकाना लावणार? हे खरे आहे. सगळेच आकड्यांत येत नाही आणि आणूही नये. पण त्या म्हातारीला विचारता तर येते. पूर्वी आठवड्यात कोणी दाराशी येत नव्हते, आता येते का? जेवण नीट होते का? तिने दिलेले उत्तर हाही पुरावाच आहे. जिच्यावर माया करतो तिला ती पोचली का, हे न विचारणारी माया अपुरी असते.

दुसरा आक्षेप कागदांचा. अंगणवाडीताई, आशाताई, गुरुजी आधीच नोंदवह्या आणि मोबाइलवरच्या माहितीखाली वाकले आहेत, त्यात आणखी भर कशाला? मी त्यांच्या बाजूने आहे. साखळी नीट लिहिली तर मोजायच्या गोष्टी कमी होतात, कारण कोणती कडी नाजूक आहे ते कळते आणि तेवढीच तपासावी लागते. ज्या नोंदीचा उपयोग कोणीच करत नाही ती बंद करण्याचे धैर्य वरच्या कचेऱ्यांनी दाखवले पाहिजे.

तिसरा आक्षेप भीतीचा. अपयश लिहिले तर पुढचा पैसा बंद होईल. इथे दोष मागणाऱ्याचा नसून देणाऱ्याचा आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. २०२१च्या नियमांनुसार ज्या कंपन्यांची ही जबाबदारी सरासरी दहा कोटींची किंवा अधिक आहे, त्यांना आपल्या मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांची पाहणी करून घ्यावी लागते. हे पाऊल चांगले. पण एका आर्थिक वर्षात बदल दाखवा असे म्हणणाऱ्या देणगीदाराला शेवटी छायाचित्रेच मिळणार. देणाऱ्यांना माझी विनंती आहे: संस्थेला विचारा, यंदा काय फसले आणि त्यामुळे पुढच्या वर्षी काय बदलणार आहात? ज्या संस्थेपाशी याचे खरे उत्तर आहे, तिच्या हाती पैसा जास्त सुरक्षित आहे.

आणि एक धोका आपणच ओळखून ठेवला पाहिजे. पुण्या-मुंबईच्या सल्लागाराने वातानुकूलित खोलीत बसून इंग्रजीत भरलेला तक्ता हे या रीतीचे विडंबन आहे. साखळी मराठीत लिहिली पाहिजे, ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्यासमोर वाचली पाहिजे आणि त्यांना खोडता आली पाहिजे. शिवाय ती एकदा लिहून संपत नाही. धरणाच्या आराखड्यात वरून येणारा ओघ धरलेला असतो. पुढे पूर्णेवरच, वरच्या अंगाला, बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प झाला, की येलदरीचा जुना हिशेब जसाच्या तसा कसा राहील? माणसांच्या कामातही परिस्थिती अशीच पालटते. म्हणून दर सहा महिन्यांनी साखळी काढून बसायचे, खोटी ठरलेली समजूत खोडायची, नवी लिहायची. लिहिलेले बदलणे यात कमीपणा नाही. लिहिलेल्याला चिकटून माणसांना वाऱ्यावर सोडणे यात आहे.

हे सगळे सुरू करायला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी होतोच. त्यात कामाचे नाव असते, जागा असते, रक्कम असते. त्याला दोन रकाने जोडा: या कामाने गावातल्या कोणाचे काय बदलेल, आणि ते बदलले हे आपण केव्हा व कसे पाहू. सभामंडपासमोर, पेव्हर ब्लॉकसमोर, एलईडी दिव्यांसमोर हे दोन रकाने भरायला बसलात की कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे भांडणाशिवाय बरेचसे उलगडेल. महिला बचत गटांनी, तरुण मंडळांनी, गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उपक्रम करणाऱ्यांनीही एवढेच करावे. एका पानापेक्षा जास्त कागद लागणार नाही.

महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा गेल्या वर्षीचे एकच काम निवडा आणि उभे राहून विचारा: हे कोणासाठी केले होते, ती माणसे आज इथे आहेत का, आणि त्यांचे काय म्हणणे आहे? उत्तर पदाधिकाऱ्याने देऊ नये. त्या माणसांना बोलू द्यावे, इतरांनी ऐकावे, आणि ते म्हणतील ते इतिवृत्तात लिहिले जावे. ज्यांच्या नावावर पैसा येतो, त्यांना त्या पैशाचा जाब विचारण्याचा पहिला हक्क आहे. तो हक्क आपण त्यांच्या हाती देत नाही, तोवर आपल्या कामाला सेवा म्हणवून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.